नाकाच्या वाटेने डोळ्यांपर्यंत

आधीच सांगते, सासूबाईंशी माझं कधी जमलं नाही. सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली आणि त्यातली बरीचशी आम्ही आमटीवरून भांडलो. मी सांगलीची. गुळाचा खडा पडल्याशिवाय मला ती आमटीच वाटत नाही. त्या तंजावरच्या, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी ऐकलं की वाटायचं, कुणीतरी जुनी बखर तमिळ हेलात वाचून दाखवतंय. गूळ दिसला की त्या विचारायच्या, "हे काय, पायसम केलंस की काय?" मी म्हणायचे, "तुमच्या चिंचेने माझे दात आंबलेत, त्याचं काय ते बोला आधी." हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की त्यांच्या श्राद्धाला जे घडलं ते मी मुद्दाम केलं असं मानायला घरात कुणालाच जड गेलं नाही.

श्राद्ध त्यांच्या तिसऱ्या वर्षाचं होतं. चेन्नईत अड्यारमधल्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये सोफा उचलून बाल्कनीत ठेवला होता आणि हॉलमध्ये पानं मांडली होती. श्राद्धाला दोन ब्राह्मण बसतात. एक देवांच्या जागी, पूर्वेकडे तोंड करून. दुसरा पितरांच्या जागी, उत्तरेकडे तोंड करून. त्यामुळे पानं एका ओळीत नसतात, काटकोनात असतात. वाढणारी मधे उभी राहते. प्रत्येक पदार्थ आधी देवांच्या पानावर, मग वळून पितरांच्या. पितरांचं पान म्हणजे त्या दिवशी सासूबाईंचंच पान. स्वयंपाक सोवळ्यात मीच केला होता आणि वाढतही मीच होते. भात झाला, वरण झालं, भाज्या झाल्या. खिरीचं पातेलं घेऊन मी देवांच्या पानाशी वाकले, वाढलं, आणि डावीकडे एक पाऊल टाकलं.

गरम भातात पाय गेला तेव्हा मला कळलं.

घोट्यापर्यंत वरण. मी खाली बघितलं तर केळीचं पान मधोमध फाटलेलं आणि माझी पाचही बोटं भातात रुतलेली. पानावर बसलेल्या ब्राह्मणाने हात मागे घेतला. आमचे हे हातात पाण्याचा पेला धरून उभे होते, ते तसेच राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण, पुढे आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आईच्या पानात पाय दिलास?"

"पान नव्हतं तिथे," मी म्हटलं.

कुणालाही हसू यावं असं उत्तर होतं ते, पण कुणी हसलं नाही. आणि मी खरंच बोलत होते. तिथे पान नव्हतं. रिकामी फरशी दिसली असंही नाही. तिथे काही आहे की नाही हा प्रश्नच मला पडला नव्हता. हे मी त्यांना कसं सांगणार? माझं मलाच कळत नव्हतं.

सगळा स्वयंपाक पुन्हा झाला. वन्संनी केला. मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. मी पाय धुऊन बाल्कनीत त्या उभ्या सोफ्याच्या आडोशाला बसले. आत तीन वाजून गेल्यावर ब्राह्मण जेवले. पायाला भाजलं होतं, पण बर्फ मागायचं मला धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून मला गोष्टी जाणवायला लागल्या. त्या आधीही घडत असणार, पण मी लक्ष दिलं नव्हतं. माणसं दारातून यायची बंद झाली. ती एकदम असायची. ऑफिसात फाईलमध्ये डोकं घालून बसावं आणि शेजारून आवाज यावा, "मॅडम, दहा मिनिटं उभी आहे." बघते तर माझ्या टेबलाला टेकून एक सहकारी बाई उभी. कुठून आली? चालत आली म्हणे. अड्यारच्या सिग्नलला दोन्हीकडे रस्ता मोकळा बघून मी उतरायचे आणि कानाजवळ ब्रेक कचकन लागायचा. स्कूटरवाला माझ्या सगळ्या घराण्याचा उद्धार करून जायचा. तमिळमधल्या शिव्या मला आल्याबरोबर पहिल्या वर्षीच शिकवण्यात आल्या होत्या, त्यामुळे काही सुटायचं नाही. दंडांवर निळे डाग पडायचे, कारण घरातल्या दारांच्या चौकटी अरुंद झाल्या होत्या. मला तर तसंच वाटायचं.

एकदा संध्याकाळी आरशासमोर केस विंचरत होते. घरात कुणी नाही या समजुतीत होते आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. तेवढ्यात डाव्या कानाशी हे म्हणाले, "कुणाशी बोलतेयस?" माझ्या हातातला कंगवा उडाला. मी वळले तर हे हातभर अंतरावर उभे.

"कधी आलात?"

"मघापासून इथेच आहे, अगं. तू माझ्याकडे बघितलंसही."

मी बघितलं नव्हतं. ते म्हणतात बघितलं. मला भीती वाटायला लागली ती तिथपासून. पुढचा आठवडाभर मी भिंतीला पाठ लावून बसायचे, म्हणजे निदान मागून तरी कुणी यायला नको. हे विचारायचे, "थकलीस का?" मी थकले होतेच. गेलं वर्षभर थकले होते, अंगात ताकद म्हणून नव्हती, पण त्याला वय म्हणतात असं मी धरून चालले होते.

वन्संचा फोन आला. शांती करून घे म्हणाल्या. आई समाधानी नाही, तिने पान मागे ओढून घेतलं आणि तुझा पाय ओढला. इतकी वर्षं मी असल्या बोलण्याला उडवून लावलं असतं. पण त्या दिवशी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्हीच करताय ना हे? माझ्या कडेकडेने फिरताय. समोर या की." मग बराच वेळ मान फिरवायची माझी हिंमत झाली नाही. कारण त्या अगदी तिथेच, जिथे माझी नजर संपते त्याच्या एक बोट पलीकडे, उभ्या आहेत अशी माझी खात्री झाली होती. मान वळवली की त्याही तेवढ्याच सरकणार.

डोळ्यांच्या दवाखान्यात गेले ते नुसता चष्म्याचा नंबर बदलायला. नंबर ठीक निघाला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडावरचे डाग बघितले, दोन प्रश्न विचारले आणि एका मशीनपुढे बसवलं. आत पांढरा वाडगा, मोठा, डोकं आत घालून बसायचं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी बसले. दिवे लुकलुकले, मी दाबलं. मग थांबले. मशीन चालल्याचा बारीक टकटक आवाज येत होता, पण दिवा काही येईना. मी वाट बघत राहिले. शेवटी मशीनवर बसलेल्या मुलीने हळूच विचारलं, "अम्मा, झोप लागली का?"

"अगं, दिवे कुठेत? बंद पडलंय तुझं मशीन."

तिने बटण दाबलं. कागद छापून आला. दोन गोल होते, एकेका डोळ्याचा एकेक. डाव्या गोलाचा डावा अर्धा काळाकुट्ट. उजव्या गोलाचा उजवा अर्धा काळाकुट्ट. दिवे सगळीकडे लागत होते.

मग स्कॅन झाला आणि मेंदूच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. माझ्या त्या वाटाण्यावर जांभळाएवढी गाठ झाली होती. कॅन्सर नव्हे, पण हळूहळू वर वाढत होती. वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, तिथे ती दाबत होती. तसं झालं की दोन्ही बाजूंची कड जाते. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तशी मी हिंडत होते. आणि झापडं असलेल्या घोड्याला निदान कातडं तरी दिसतं. मला तेही दिसत नव्हतं.

"म्हणजे माझे डोळे जाणार?" मी विचारलं.

"गाठ राहू दिली तर जाणार."

"आणि काढली तर परत येतील?"

नस किती दिवस दबलेली आहे त्यावर आहे, म्हणाले. कधी दोन-चार दिवसांत येते, कधी महिन्यांनी, कधी थोडीच येते. कधी नाही येत. ऑपरेशनच्या वेळी नसेला धक्का लागला तर आहे तेही जाऊ शकतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे पूर्ण मान वळवून बघितलं, कारण एव्हाना मला कळलं होतं की तसं केल्याशिवाय मला नवरा नाही. ते डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. चेहरा कोरा. रेल्वेत जन्म गेला, डब्यांच्या कारखान्यात. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही ही यांची जुनी सवय. आई गेली तेव्हासुद्धा यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला रागच आला. माझे डोळे चाललेत आणि यांना पेपरवेट दिसतंय.

वन्संना कळलं तेव्हा त्या धावत आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बघितलंस? आईनेच वाट दाखवली. पाय लागला नसता तर कळलं असतं का?"

माझं पित्तच खवळलं. "वा! परवापर्यंत मी लाथ मारली होती. आता आईने वाट दाखवली? एक काय ते ठरवा, वन्सं!"

त्या रडायला लागल्या. मग मीही रडले. हे उठून चहा करायला गेले.

ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस मी आंधळी होण्याचा सराव केला. हे कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरात डोळे मिटून मोहरीचा डबा शोधायचा. भिंतीला हात लावून बाथरूमपर्यंत जायचं, पावलं मोजायची. गॅस पेटवताना मात्र डोळे उघडायचे, एवढी अक्कल शाबूत होती. मला मरणाची भीती वाटत नव्हती हो. अंधाराचीसुद्धा नाही. मला त्या 'काहीच नाही'ची भीती होती. ते दोन्हीकडून हळूहळू आत येत होतं. एके दिवशी ते मधे येऊन एकमेकांना भेटणार आणि मला कळणारही नाही, असं वाटायचं.

दोन डॉक्टर होते. एक नाकाचे, ते वाट करून देणार. दुसरे मेंदूचे, ते त्या वाटेने आत जाणार. डोकं फोडायचं नाही, टाका दिसायचा नाही. नाकपुडीतून कॅमेऱ्याची नळी, मागचं पातळ हाड जरासं कोरायचं, गाठ खरवडून काढायची आणि भोक बुजवायचं. कशाने बुजवणार? तर माझ्याच पोटाच्या चरबीने. म्हटलं, घ्या, हवी तेवढी घ्या, इतकी वर्षं उगाच नाही सांभाळली. नाकाचे डॉक्टर हसले. मेंदूचे हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की नंतर शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, कुंथायचं नाही. आणि नाकातून किंवा घशात खारट पाणी आलं तर लगेच सांगायचं, कारण ती सर्दी नसते, मेंदूभोवतीचं पाणी असतं. मला ते वाक्य दोन दिवस सोडेना. मी सारखी जीभ टाळ्याला लावून चव घेत राहिले.

जाग आली तेव्हा घशात वाळू होती. आयसीयूत खिडकी नव्हती, दिवे कायम तेच, त्यामुळे किती वेळ गेला काही कळेना. दोन्ही नाकपुड्या पट्ट्यांनी ठासून भरलेल्या, तोंडाने श्वास. तहान इतकी, की कळशी तोंडाला लावावी. नर्स दर तासाला लघवी मोजायची आणि लिहायची. डोळे सुजलेले. समोर हिरवा पडदा दिसत होता, म्हणजे डोळे होते. पण कडा? ते बघायची मला हिंमत होईना. मी पडद्याकडेच बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, आत्ता तपासण्यात अर्थ नाही, पॅकिंग काढलं की बघू.

आणि मग मला चिंचेचा वास आला.

नाकात इंचभर जागा नव्हती. वास येणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, काही आठवडे वासाचं विसरा. आणि मला स्वच्छ वास येत होता, जुन्या, मीठ घालून मुरवलेल्या काळ्या चिंचेचा, डाव्या बाजूने. माझी पाचावर धारण बसली. पलंगाच्या डाव्या अंगाला कुणीतरी बसलंय हे मला त्या पलंगाइतकं खरं वाटत होतं. मी मान वळवली नाही. वळवायला बंदी नव्हती, पण वळवली नाही.

"आलात?" मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. ओठ सुकलेले, शब्द नीट फुटेनात. "नेता काय डोळे?"

मशीनची टिकटिक चालू होती.

"पाय चुकून लागला हो. दिसलंच नव्हतं मला. खरंच दिसलं नव्हतं." आणि मग मला हुंदका आला, जो द्यायला बंदी होती. "मला तुमचा राग होता, ते खरंय. पण असं जेवत्या पानावरून कुणाला उठवावं, एवढी मी वाईट नाही."

नर्स पळत आली. मी डावीकडे बोट दाखवून विचारलं, तिथे कोण बसलंय. तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, कुणी नाही अम्मा, भिंत आहे. वास हळूहळू गेला. सासूबाईंना दुखावल्याबद्दल मी सव्वीस वर्षांत कधी माफी मागितली नव्हती. ती मी एका भिंतीकडे मागितली. असो.

चौथ्या दिवशी वॉर्डात आणून नाकातलं पॅकिंग काढलं. ओढतच होते, ओढतच होते, संपेना. डोक्यातून कुणी ओलं धोतर काढतंय असं वाटलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. खारट चव आली का, विचारलं. नाही आली. भोक बुजलेलं होतं.

मग मेंदूचे डॉक्टर माझ्यासमोर स्टूल ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. म्हणाले, माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवायची नाही. मी दोन्ही हात पसरतो. बोट हललं की सांगा.

मी त्यांच्या नाकाकडे बघितलं. इतके दिवस ज्याला भीत होते ते आता ठरणार होतं.

उजवीकडे काही नाही. काही नाही. मग काहीतरी हललं, धूसर, पण हललं. "हं," मी म्हटलं. डॉक्टरांनी मान हलवली. "आता डावीकडे."

डावीकडे आधी एक उजेडाची पट्टी आली. मग त्यात त्यांचं बोट आलं, हलत होतं. आणि बोटाच्या पलीकडे, पलंगाच्या अगदी कडेशी, खिडकीच्या उजेडात, आमचे हे उभे होते.

ते रडत होते. आवाज न करता. तोंड वेडंवाकडं झालेलं, खालचा ओठ दातांत धरलेला, गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलेलं, आणि ते पुसायचीसुद्धा त्यांना घाई नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होते. वॉर्डात नर्स होती, दोन डॉक्टर होते, त्यांची त्यांना पर्वा नव्हती. त्यांना लपवायचं होतं ते फक्त माझ्यापासून. आणि मला कुठवर दिसतं, कुठून पुढे दिसत नाही, हे त्या माणसाने इतकं नेमकं शिकून घेतलं होतं, की तो बरोबर त्या रेषेच्या पलीकडे उभा होता. सराव असल्यासारखा. घरात किती दिवस उभा राहिला असेल असा, माझ्यापासून हातभर अंतरावर, मी पोळ्या लाटत असताना, मी त्याला पेपरवेटवरून बोलत असताना.

मला रडायला मनाई होती. मी श्वास तोंडाने घेतला, सोडला. नजर डॉक्टरांच्या नाकावरून हलवली नाही.

"लेफ्ट साइड?" डॉक्टरांनी विचारलं. "काही दिसतंय?"

दिसतंय म्हटलं असतं तर ह्यांनी लगेच तोंड पुसलं असतं.

"थांबा," मी म्हटलं. "एक मिनिट थांबा जरा."